पाकटांचा मेळा आणि मोजदादीचा भ्रम

इसवी सन २०१३ च्या भाद्रपदात, दीड दिवसाच्या गणपतींना निरोप देण्यासाठी गिरगावच्या चौपाटीवर पाण्यात उतरलेल्या भाविकांपैकी अनेकांच्या पायांना वाळूत दडून बसलेल्या पाकटांनी काटे मारले, आणि ज्या माशाचे नाव मुंबईच्या पांढरपेशा वस्तीत एरवी क्वचितच कोणी उच्चारले असते तो दुसऱ्या दिवशी सर्व वर्तमानपत्रांत झळकला. पुढे गणेशोत्सव जवळ आला की मत्स्यव्यवसाय खात्याने चौपाटीलगत जाळे टाकून पाहावे, पाकट आणि जेलीफिश मिळतात काय याचा दाखला पालिकेला द्यावा, आणि पालिकेने अनवाणी पाण्यात उतरू नये अशी सूचना काढावी, असा शिरस्ताच पडला. सूचना योग्य आहे. तिच्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु त्या सूचनेच्या आडून जी समजूत लोकांच्या मनात शिरली, की समुद्रात पाकट फार माजले आहेत आणि कोठून तरी आक्रमण करून आमच्या किनाऱ्यावर येऊ लागले आहेत, ती मात्र तपासून पाहण्यासारखी आहे. कारण एखादा प्राणी एका जागी पुष्कळ दिसला म्हणजे तो पुष्कळ आहे, हा निष्कर्ष जितका स्वाभाविक वाटतो तितकाच तो घातक ठरत आलेला आहे.

पनवेलकरांना हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. आमचे गणपती गाढीच्या काठी आणि गावातल्या तलावांत विसर्जित होतात, त्यामुळे पाकटाशी आमची गाठ पडते ती बाजारात, कोळणीच्या पाटीसमोर, शेपूट आधीच छाटून टाकलेल्या अवस्थेत. तरीही गाढी, काळुंद्री आणि कासाडी यांचे पाणी घेऊन मुंबई बंदराकडे जाणारी पनवेलची खाडी ही ज्या उथळ, चिखलट, भरतीला बुडणाऱ्या आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या प्रदेशाचा भाग आहे, तो सबंध प्रदेशच पाकटाच्या जातकुळीचे नैसर्गिक वतन आहे. रेल्वे होण्यापूर्वी पुण्याला जाणारा मुंबईकर गलबताने पनवेलच्या बंदराला उतरून मग बोरघाटाची वाट धरीत असे. १८५२ साली येथे नगरपालिका स्थापन झाली ती या बंदराच्या भरभराटीच्या काळात. आज त्या बंदराची आठवणही गावात थोड्यांना उरली आहे, आणि खाडी म्हणजे पुलावरून गाडी जाताना नाक दाबून ओलांडण्याची जागा, एवढाच तिच्याशी नव्या वस्तीचा संबंध आहे.

पाकट हा हाडांचा मासा नव्हे. मुशीप्रमाणे त्याचा सांगाडा कूर्चेचा असतो, अंग चपटे, तोंड पोटाच्या बाजूस, आणि डोळ्यांमागे दोन छिद्रे, ज्यांतून तो गाळात गाडून घेतलेला असतानाही वरचे स्वच्छ पाणी ओढून कल्ल्यांपर्यंत नेतो. शेपटीवरचा दातेरी, विषारी काटा त्याला मिळाला आहे तो केवळ बचावासाठी. पाय अंगावर पडल्यावाचून तो बहुधा उगारला जात नाही, आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर लोकांना पाय न उचलता घासत घासत चालायला सांगतात त्याचे कारण हेच, की चाहूल लागलेला पाकट काटा मारण्याऐवजी निघून जातो. एवढ्यावरही काटा बसलाच, तर सोसवेल इतक्या कढत पाण्यात पाय बुडवून ठेवल्याने वेदना पुष्कळ उतरते. काट्याविषयी एवढे पुरे, कारण ज्याविषयी अधिक बोलले पाहिजे ते त्याचे प्रजनन आहे. कोळंबीची मादी लाखांनी अंडी सोडते आणि त्यांतली बहुतेक नष्ट होतील हे निसर्गाने गृहीतच धरलेले असते. पाकटाची मादी मात्र पिले पोटात वाढवते, गर्भाशयातून पाझरणाऱ्या दुधासारख्या द्रवावर त्यांचे पोषण करते, आणि कित्येक महिन्यांनंतर एक, दोन, फार तर काही थोड्या पिलांना जन्म देते. ज्याची आवक एवढी तुटपुंजी त्याच्या खात्यावरून मोठा खर्च पडला, तर ते खाते पिढ्यान्‌पिढ्या भरून निघत नाही.

अशा या प्राण्याला वर्षाच्या ठराविक काळी उथळ पाण्यात एकत्र यावे लागते, आणि त्यामागे एकच एक कारण नसून कारणांची गुंफण असते. उथळ पाणी लवकर तापते. ज्या प्राण्याच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्यावर अवलंबून असते त्याच्या पोटातले अन्न अशा पाण्यात लवकर पचते आणि गर्भही लवकर वाढतो, म्हणून गाभण माद्या उबदार पाण्याचा आश्रय शोधतात. मोठ्या मुशींना वीतभर पाण्यात शिरता येत नाही, म्हणून पिलांना तेथे अभय असते. भरतीबरोबर चिखलावर चढावे, गाळ उकरून खेकडे, कोळंबी, शिंपले आणि किडे खावेत, आणि ओहोटी लागताच खळग्यात उतरावे, हा त्यांचा दिनक्रम. समागमासाठीही एकत्र यावेच लागते. कॅलिफोर्नियाच्या आखातातल्या गोल पाकटांविषयी तर असे आढळले आहे की वाळूत पूर्ण गाडून घेतलेल्या मादीला नर शोधून काढतो तो तिच्या शरीरातून निघणाऱ्या अतिसूक्ष्म विद्युत्क्षेत्रावरून, ज्याची जाणीव करून देणारी रंध्रे लोरेंझिनी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने १६७८ सालीच वर्णिली होती, जरी त्यांचा उपयोग कळायला पुढे अडीच शतकांहून अधिक काळ जावा लागला. न्यूझीलंडच्या पूअर नाइट्स बेटांपाशी दर उन्हाळ्यात मोठे पाकट खडकांच्या कमानींखाली थरावर थर करून तरंगत राहतात आणि ते दृश्य पाहण्यासाठी पाणबुडे दुरून जातात. आमच्या खाड्यांतले पाणी इतके गढूळ, की येथे असा मेळा भरला तरी तो डोळ्यांना दिसणार नाही. तो कळतो तो जाळ्याला किंवा पायाला.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. गणेशचतुर्थीच्या दोन दिवस आधी पनवेलच्या एस. टी. स्थानकावर उभे राहून जर कोणी कोकणची खानेसुमारी करू लागला, तर त्याच्या हिशेबाने कोकण ही हिंदुस्थानातली सर्वांत दाट वस्ती ठरेल. आणि तोच मनुष्य माघात त्याच फलाटावर आला, तर कोकण ओस पडले असा अहवाल देईल. पहिल्या गर्दीला घरी जाण्याची ओढ कारण आहे, लोकसंख्या नव्हे, हे आपल्याला सांगावे लागत नाही, कारण त्या गर्दीतले आपण स्वतः असतो. माशांच्या बाबतीत मात्र आपण नेमकी हीच चूक वर्षानुवर्षे करीत राहतो, आणि ती केवळ सामान्य जनांकडून होते असेही नाही; मोठमोठ्या सरकारांच्या मोठमोठ्या खात्यांनी ती केली आहे.

कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावरील कॉड माशाची कथा या दृष्टीने मुद्दाम वाचावी अशी आहे. जवळजवळ पाच शतके जगाला खारवलेला मासा पुरवणारा हा साठा १९८० नंतरच्या दशकात झपाट्याने आटत होता. पण उरलेले मासे नेहमीच्या ठिकाणी पूर्वीइतक्याच दाटीने एकत्र येत, आणि मोठ्या ट्रॉलरांना ती ठिकाणे यंत्रांनी अचूक सापडत, त्यामुळे दर फेरीला जाळ्यात येणारा मासा फारसा घटलेला दिसेना. फेरीमागे माल भरपूर, म्हणून साठा भरपूर, असे अनुमान बांधले गेले. आणि जुलै १९९२ मध्ये मासेमारी एकाएकी बंद करावी लागली तेव्हा सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार बुडाला. बंदी २०२४ साली उठवण्यात आली, पण तेव्हाही साठा जुन्या पातळीच्या जवळपास पोचलेला नव्हता. कळपाने राहणाऱ्या माशाचा घातक गुण हा, की तो शेवटपर्यंत विपुल दिसतो. पसरलेला मासा कमी झाला तर जाळी हलकी येतात आणि मनुष्य सावध होतो. एकवटणारा मासा मात्र जाळ्याला अखेरच्या हंगामापर्यंत भरल्यापणाचा दाखला देत राहतो.

कॉडच्या प्रकरणात निदान मासा खाण्यासाठी मारला गेला. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरात जे घडले त्यात त्याहून विचित्र असे काही आहे. तेथे गायतोंडे पाकट दर वसंताच्या अखेरीस दक्षिणेकडून मोठ्या थव्यांनी येतात, पिले घालतात, पुन्हा समागम करतात आणि शरदात फ्लोरिडाच्या बाजूस परततात. २००७ साली ‘सायन्स’ या नामांकित नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध झाला, त्याचे प्रतिपादन असे की मोठ्या मुशी मारल्या गेल्यामुळे या पाकटांना शत्रू उरला नाही, त्यांची संख्या बेसुमार वाढली आणि त्यांनी शिंपल्यांचा जुना धंदा बुडवला. तर्क सुबक होता, आणि डोळ्यांसमोर थवे होतेच. पाकट खा आणि उपसागर वाचवा, अशी मोहीम निघाली. बाण मारून पाकट टिपण्याच्या शर्यती भरू लागल्या, आणि शर्यतीचा हंगाम नेमका तोच, ज्यात माद्या पोटुशा असत. २०१६ साली दुसऱ्या संशोधकांनी हा सारा हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा असे दिसले की शिंपल्यांचा ऱ्हास पाकटांच्या कथित वाढीच्या आधीच सुरू झाला होता. आणि सात-आठ वर्षांनी वयात येऊन वर्षाला एकच पिलू देणारा प्राणी सांगितल्या गेलेल्या वेगाने वाढणे शरीरधर्मानेच अशक्य होते. २०१७ साली मेरीलँड राज्याने त्या शर्यती थांबवल्या. या दहा वर्षांत पाकटाचा अपराध एवढाच होता की तो माणसांच्या दृष्टीस पडेल अशा जागी एकत्र आला.

येथे कोणी विचारील, की वाढ झाली नसेलही, पण पूर्वी न दिसणारे पाकट आता दिसू लागले याचा अर्थ काय? अनेक अर्थ संभवतात, आणि त्यांतला एक फारसा विचारात घेतला जात नाही: माणूसच त्यांच्या जागी आला, किंवा माणसाने त्यांच्या जागा कमी केल्या. कॅलिफोर्नियातल्या सील बीच या गावी पाकटांची अशी दाटी असते की तेथील किनाऱ्याच्या एका भागाला लोक पाकटांचा उपसागर म्हणतात. संशोधकांनी पाहिले तर वीजनिर्मिती केंद्रांचे गरम पाणी सॅन गॅब्रिएल नदीच्या मुखातून तेथे येत होते, आणि त्या उबेला पाकट जमत होते. म्हणजे मेळ्याची जागा माणसानेच तयार केली आणि मग मेळ्याची तक्रारही माणसानेच केली. आमच्याकडे ऊब नव्हे, भराव कारण ठरेल. नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० साली सिडको स्थापन झाल्यापासून ठाणे आणि पनवेलच्या खाड्यांकाठची खाजणे किती भरली गेली हे ज्याला पाहायचे असेल त्याने जुना नकाशा आणि नवा नकाशा शेजारी ठेवावेत. १,१६० हेक्टरांवरच्या विमानतळासाठी उलवे टेकडी उतरवली गेली, उलवे नदी वळवली गेली, तिवरांची राई गेली. तळोज्याच्या कारखान्यांचे पाणी घेऊन येणाऱ्या कासाडीच्या परिसरात ऑगस्ट २०१७ मध्ये भटकी कुत्री निळी झालेली सापडली, तेव्हा देशोदेशीच्या वर्तमानपत्रांनी त्यांची छायाचित्रे छापली; त्या पाण्यात दिवसभर पडून राहणाऱ्या माशांचे छायाचित्र कोणी काढले नाही, आणि काढले असते तरी छापले गेले नसते. विमानतळ नको होता असे मी म्हणत नाही. पनवेलमध्ये राहून तसे म्हणणे थोडेसे दांभिकपणाचेही होईल. म्हणणे एवढेच आहे, की दहा चिखलांवर विखुरलेला प्राणी दोन चिखलांवर आला तर त्या दोन ठिकाणी तो पाचपट दिसेल, आणि ज्याने उरलेले आठ भरले तोच त्याच्या अतोनात वाढीची हाकाटी पिटेल.

याच चिखलांवर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. त्यांचाही तो मेळाच. तोही अन्नासाठी, तोही ठराविक ऋतूतला, तोही दाटीचा. त्यांच्यासाठी २०१५ साली ठाणे खाडीत अभयारण्य झाले, २०२२ साली त्या जागेला रामसर स्थळाचा मान मिळाला, होड्या भरभरून लोक ते पाहायला जातात, आणि यात आनंदच मानला पाहिजे. पण एकाच चिखलाच्या वर उभा असलेला गुलाबी प्राणी राज्याचे भूषण व्हावा आणि त्याच चिखलाच्या आत दडलेला मातकट प्राणी केवळ इशाऱ्याच्या फलकावर यावा, यात शास्त्राचा भाग थोडा आणि सौंदर्यदृष्टीचा भाग फार आहे, हे कबूल करायला हरकत नसावी.

कायद्याने काहीच केले नाही असे नाही. जुलै २००१ मध्ये केंद्र सरकारने मुशी, पाकट आणि त्यांच्या सर्व भाऊबंदांना वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत घातले. किनाऱ्यावर एकच गदारोळ उठला, कारण एका हुकमासरशी हजारो नावांवरचे मच्छिमार गुन्हेगार ठरत होते, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ती यादी दहा जातींवर आणावी लागली. त्या दहांत करवत मासे होते, काटेरी पाकट होता, गंगेतला पाकट होता. २०२२ सालच्या दुरुस्तीने यादी पुन्हा वाढली. यादी करण्यात वावगे काही नाही. परंतु जाळ्याला अनुसूची वाचता येत नाही, आणि ट्रॉलरच्या फळीवर येऊन पडलेला मासा तोवर बहुधा मेलेला असतो. शिवाय आमच्या बंदरांवर आवक नोंदवली जाते ती बऱ्याच वेळा ‘पाकट’ या एकाच सदराखाली, ज्यात वीतभर रुंदीच्या खाडीतल्या पाकटापासून दोन माणसांना न उचलणाऱ्या वागळीपर्यंत सर्व जाती एका रकान्यात जमा होतात. त्या रकान्याची बेरीज स्थिर राहिली तरी आतली एखादी जात केव्हाच नाहीशी झालेली असू शकते. जगभरच्या मुशी-पाकटांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जाती नष्ट होण्याच्या वाटेवर आहेत, असा आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघटनेच्या निकषांवर केलेला २०२१ सालचा हिशेब सांगतो. बेरजेच्या रकान्यातून ही गोष्ट कधीच दिसली नसती.

दुसरा आधार पावसाळी बंदीचा सांगितला जातो. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक नौकांना समुद्र बंद असतो, आणि त्याआधीही नारळी पौर्णिमेपर्यंत होडी न लोटण्याचा कोळ्यांचा मामूल होताच. या बंदीचा गुण मला मान्य आहे. पण तिची मुदत सरकारी कॅलेंडराने ठरते, मेळा मात्र पाण्याच्या उबेने, खारेपणाने आणि उधाण-भांगाच्या फेऱ्याने ठरतो. पावसाने खाडीचे पाणी गोड झाले की खाऱ्या पाण्याचे मासे मुखाकडे सरकतात आणि पाऊस ओसरता ओसरता पुन्हा आत येऊ लागतात. म्हणजे भाद्रपद-आश्विनात, जेव्हा बंदी उठून महिना-दीड महिना झालेला असतो आणि बंद पडलेल्या दोन महिन्यांची भरपाई करण्यासाठी जाळी सर्वांत जोरात चालू असतात. लाखो अंडी घालणाऱ्या माशाला दोन महिन्यांची विश्रांती पुरते. पाकटाला तेवढ्याने काय होणार?

म्हणून माझे प्रतिपादन असे आहे, की ज्या प्राण्यांचे आयुष्य मेळ्यावर अवलंबून आहे त्यांच्याबाबत कायद्याने जातीच्या नावापेक्षा जागेचे आणि तिथीचे नाव लिहायला शिकले पाहिजे. हे अव्यवहार्य नाही. कॅरिबियन समुद्रातल्या लिटल केमन बेटाजवळ हेकरूच्या जातीतला एक मोठा मासा हिवाळ्यातल्या पौर्णिमेच्या सुमारास अंडी घालण्यासाठी एका जागी जमतो. २००१ साली ती जागा मच्छिमारांना सापडली आणि दोन हिवाळ्यांत निम्म्याहून अधिक मासा उचलला गेला. २००३ पासून ती जागा त्या काळापुरती बंद करण्यात आली, आणि पुढल्या दीड दशकात उरलेल्या माशांची संख्या तिपटीहून अधिक झाली. सबंध समुद्र बंद करावा लागला नाही, सबंध वर्षही नाही. ज्या समाजाचे सणवार, उपवास आणि होडी लोटण्याचा मुहूर्त अजून चंद्राच्या कलांवर चालतात, त्याला अमक्या खाडीच्या अमक्या खळग्यात अमुक अष्टमीपासून अमुक पौर्णिमेपर्यंत जाळे टाकू नये हा नियम समजायला, मला वाटते, कोणत्याही वातानुकूलित कचेरीपेक्षा कमी वेळ लागेल.

यावर सर्वांत सबळ आक्षेप शास्त्रज्ञांकडून येणार नाही; तो कोळीवाड्यांतून येईल, आणि त्याला उत्तर देण्यापूर्वी त्यातले न्याय्य अंग मान्य करणे भाग आहे. खाडी भरली कोणी, पाणी नासवले कोणी, आणि बंधन मात्र कोणावर? फेब्रुवारी २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने उरण आणि पनवेल तालुक्यांतल्या कोळीवाड्यांतील १,६३० कुटुंबांना, न्हावा शेवा बंदराच्या भरावामुळे गेलेल्या मासेमारीबद्दल, सुमारे ९५ कोटी रुपये नुकसानभरपाई देण्याचा निकाल दिला. त्या निकालाचे महत्त्व रकमेहून अधिक यात आहे, की चिखलाच्या सपाटीला आणि भरती-ओहोटीच्या वाटेला किंमत असते व ती बुडवणाऱ्याने ती दिली पाहिजे, हे एका न्यायासनाने मान्य केले. मेळ्याच्या जागा राखायच्या तर पहिले बंधन भराव टाकणाऱ्यावर आणि सांडपाणी सोडणाऱ्यावर पडले पाहिजे, जाळ्यावर त्यानंतर. हा क्रम उलटा झाला तर २००१ च्या हुकमाचे जे झाले तेच होईल.

आणि या जागा ठाऊक कोणाला आहेत? कोणत्या उधाणाला पाकट कोठवर चढतो, कोणत्या खळग्यात पिले सापडतात, कोणता चिखल पूर्वी भरलेला असे आणि आता रिकामा राहतो, याची खरी फेरिस्त एखाद्या संस्थेच्या दप्तरात नसून डोल आणि पाग घेऊन या पाण्यात आयुष्य काढलेल्या माणसांच्या डोक्यात आहे. त्यांतले पुष्कळ आता वयस्क झाले आहेत, त्यांची मुले विमानतळावर आणि गोदामांत नोकऱ्या शोधीत आहेत, आणि खाडी सोडण्याचा त्यांचा निर्णय चुकीचा आहे असे म्हणण्याचा अधिकार खाडीपासून दूर राहणाऱ्या आम्हाला नाही. ही माहिती लिहून घेतली पाहिजे, हे सहज सुचते. पण त्यातली अडचणही तितक्याच सहज दिसली पाहिजे: मेळ्याच्या जागांची छापील नोंदवही ही राखणदाराइतकीच लुटारूच्याही उपयोगाची असते, आणि लिटल केमनला जागा सापडल्यावर पहिल्या दोन हिवाळ्यांत काय झाले ते वर आलेच आहे. तेव्हा अशी नोंदवही सरकारी संकेतस्थळावर चढवण्याऐवजी त्या त्या कोळीवाड्याच्या मच्छिमार सहकारी संस्थेच्या ताब्यात राहावी, तिच्यातले किती आणि कोणाला दाखवायचे हे संस्थेने ठरवावे, आणि सिडको, महापालिका किंवा बंदराच्या कारभाऱ्यांना खाडीकाठी पुढचा भराव टाकायचा असेल तेव्हा त्यांनी आधी त्या संस्थेच्या दारी जाऊन विचारावे, अशी तजवीज मला सुचते. सध्या विचारणा होते ती उलट दिशेने, भराव टाकून झाल्यावर, नुकसानभरपाईच्या अर्जाला कोणती कागदपत्रे जोडायची एवढ्यापुरती.